पाहुणे गेले की बंद पडणारं मशीन

करागांदा,
बुधवार

आदरणीय राइखान विहीणबाई,

तुमची गुरंढोरं सुखरूप आहेत ना, असं आपल्या रीतीप्रमाणे आधी विचारते आणि मग माणसांकडे वळते. तुमच्याकडे गुरांपैकी आता एक मांजर तेवढं उरलं आहे हे मला ठाऊक आहे, तरी त्याचंही बरं असो. तुमचे गुडघे, तुमचा रक्तदाब, सेमेईचा वारा, धाकट्याची नोकरी, तुमच्या शेजारच्या म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं जागच्या जागी असावं. मी बरी आहे. मनगटाचं प्लास्टर निघालं, पण मूठ अजून धड वळत नाही.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते. कारण फोनवर आपण दोघी एकमेकींची इतकी विचारपूस करतो, की मुद्द्याचं तोंड दिसायच्या आत कुणाचं तरी दूध उतू जातं आणि फोन ठेवावा लागतो. गेल्या खेपेस मी महत्त्वाचं बोलायला म्हणून फोन केला आणि तुमच्या मांजराच्या दाताची हकिकत ऐकून ठेवून दिला. कागदावर तुम्हाला मध्येच काही विचारता येत नाही. (राग मानू नका. मलाही येत नाही.) सेमेईच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्याजवळ हे पाकीट देते. सोबत कुर्तची पिशवी आहे. यंदा दह्याचे गोळे फार कडक वाळले आहेत, दात सांभाळून खा.

तर मुद्दा तुमच्या व्याह्यांच्या, आमच्या ह्यांच्या, वर्षाच्या जेवणाचा. पुढच्या महिन्यात त्यांना जाऊन वर्ष होईल. सातव्या दिवसाचं जेवण घरी झालं, चाळिसाव्या दिवसाचंही घरी झालं, तुम्ही दोन्ही वेळा मानाच्या जागी बसला होतात. हे वर्षाचं शेवटचं. यानंतर त्यांच्या नावानं माणसं बोलवायला आणि ताट वाढायला मला निमित्त उरत नाही. आणि माझ्या सायातनं त्यासाठी चौकातला हॉल पाहून ठेवला आहे. मी त्या हॉलमध्ये एकदा जेवून आले आहे. खुर्च्यांना पाठीमागे साटीनच्या फिती, भिंतीपलीकडे कुणाचं तरी लग्न, इकडे मुल्ला कुराण म्हणतोय आणि तिकडून ढोल वाजतोय. वेळ संपली की दिवे दोनदा घालवून लावतात, म्हणजे उठा आता. तुमचे व्याही सगळं आयुष्य खाणीत काढलेले, पण बोलायचे इतकं हळू की डॉक्टरसुद्धा वाकून ऐकायचे. त्यांचं नाव मायक्रोफोनमधून आलेलं मला ऐकवणार नाही.

सायात वाईट मुलगा नाही, हे तुमच्या जावयाबद्दल तुम्हाला मी सांगायला नको. तो म्हणतो, “आई, शिजवायला माणसं मिळतील. धुणार कोण?” माझी मूठ वळत नाही. तुमच्या मेरुएर्तला पाचवा महिना, तिला तासन् तास उभं राहायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं आहे. माझ्या दोन्ही जावा पाहुण्यांच्या आधी खुर्चीत बसतात आणि पाहुण्यांच्या नंतर उठतात. तेव्हा राहिलं भांडी धुण्याचं मशीन. सायातनं अट घातली आहे की मशीन एकदाही न बिघडता चाललं तर जेवण घरी, नाहीतर हॉल. येत्या सोमवारी त्याला हॉलवाल्याला शेवटचं काय ते सांगायचं आहे.

आता मशीनबद्दल. ते तुमच्या व्याह्यांनी पेन्शनीत निघाल्यावर हौसेनं घेतलं आणि मला कधी हात लावू दिला नाही. भांडी तेच लावायचे. खाणीत छताला टेकू लावावेत तशा बश्या लावायचे, एक काढली तर दुसरी कोसळेल अशा. ते गेल्यावर बरेच महिने मी त्याचं दारसुद्धा उघडलं नाही. एका माणसाचं एक वाडगं आणि एक चमचा, त्यासाठी कोण मशीन लावतं. मग वसंतात गावाकडची मंडळी त्यांच्या कबरीला भेट द्यायला आली, घर भरलं, तबकं-वाडगी साचली, आणि मी पहिल्यांदा स्वतः ते भरून बटण दाबलं. थोडा वेळ छान आवाज आला. मग ते थांबलं, पुढच्या काचेवर नळाचं चित्र लुकलुकायला लागलं आणि आतून कण्हल्यासारखा आवाज सुरू झाला तो बंदच होईना.

यामागची गोष्ट मी आता इतकी पाठ केली आहे की तुम्हालाही सांगते. मशीनच्या तळाशी पत्र्याची परात असते आणि परातीत थर्माकोलचा तुकडा. कुठूनही पाणी गळून परातीत आलं की तो तुकडा तरंगून वर उचलला जातो आणि मशीनला कळतं की आपण गळतोय. मग ते धुणं अर्ध्यावर सोडतं, नळ बंद करून घेतं आणि आतलं पाणी बाहेर फेकत कण्हत बसतं. प्लग काढेपर्यंत ऐकत नाही. (माझ्या धाकट्या जाऊबाईंचा स्वभाव असाच आहे. एक थेंब सांडला की सगळं काम बंद आणि घरभर कण्हणं.)

त्या कण्हण्यानं खालच्या मजल्यावरची लुदमिला पावलोव्हना वर आली. ती एकटीच असते, शाळेत भूगोल शिकवायची, आणि आमचं घर ओसाड खाणींवर उभं असल्यानं रोज केसभर कलतंय असं तिचं ठाम मत आहे. मागे एकदा आमचा बाथटब वाहून तिच्या छताला डाग पडला होता, तेव्हापासून माझ्या घरात पेला जरी उपडा झाला तरी तिला खाली कळतं.

“झाउरेश, तुझ्याकडे कोण कण्हतंय?”

“मशीन.”

“गळतंय?”

“गळत नाहीये. गळेल अशी भीती वाटतेय त्याला.”

“भीती मला वाटायला पाहिजे. छत माझं आहे.”

असं म्हणून तिनं माझ्यासमोर सायातला फोन लावला. (त्यानंच तिला नंबर देऊन ठेवला आहे, आईकडे लक्ष असू द्या म्हणून. म्हातारपणी माणसावर पहारा बसतो आणि पहारेकरी वर येऊन चहा पितो.) सायात आला, त्यानं परातीतलं पाणी पाहिलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि त्याच दिवशी ती अट घातली. दुरुस्तीवाला त्यानंच पाठवला.

दुरुस्तीवाल्याचं नाव येरमेक. अंगानं दणकट, स्वभावानं गरीब. त्यानं मशीन ओढून बाहेर काढलं, मागे कलवून परातीतलं पाणी पुसलं, थर्माकोल सुकवला, म्हणाला, “आपा, दाराचं रबर गेलंय.” रबर बदललं. मशीन रिकामंच चालवून दाखवलं, कोरडं ठणठणीत. आता विहीणबाई, माणूस माझ्या घरी येऊन घाम गाळतो आणि तोंड न हलवता जातो असं कधी झालं आहे का. मी म्हटलं, बसा. तो म्हणाला, मी कामावर आहे. मी म्हटलं, काम झालंय, बसा. घोड्याचं मांस शिजवून ठेवलं होतंच, खाली पिठाच्या चकत्या, वर कांद्याचा रस्सा, मोठ्या तबकात वाढून समोर ठेवलं. तो जेवला, आशीर्वादाला हात वर केले, गेला. मी त्याचीच उष्टी भांडी मशीनमध्ये लावली आणि बटण दाबलं. त्याची गाडी चौकातून वळली नसेल तोवर नळाचं चित्र लुकलुकायला लागलं.

लुदमिला वर आली तेव्हा मी दारातच तिचा हात धरला. म्हटलं, “लुदा, या वेळी फोन करू नकोस.”

“आणि माझं छत?”

“छताला काही झालेलं नाही. पण तू फोन केलास तर त्यांचं जेवण हॉलमध्ये होईल.”

तिनं फोन खिशात ठेवला. तुमच्या व्याह्यांनी तीन हिवाळे तिच्या खिडकीच्या फटी फुकट बुजवून दिल्या होत्या, ते तिला आठवलं असावं. म्हणाली, “ठीक आहे. पण यापुढे हे यंत्र माझ्या डोळ्यांदेखत लागलं पाहिजे.” तेव्हापासून ती स्टूल घेऊन येते आणि मशीनसमोर विणकाम करत बसते, जणू आत कुणी आजारी आहे.

मी येरमेकला गुपचूप परत बोलावलं. या वेळी त्यानं पाण्याच्या नळीची पट्टी बदलली आणि आधीच बजावलं, “आपा, मी खाणार नाही. मागच्या वेळी बायकोनं विचारलं, जेवून कुणाकडून आलास. दुरुस्ती करायला गेलो होतो यावर तिचा विश्वास बसला नाही.” तो जेवला. जाताना मशीनवर हात फिरवून म्हणाला, “काय झकास मशीन आहे हो.” आणि दृष्ट लागू नये म्हणून थुंकल्यासारखंही केलं नाही. तो गेला, मी भांडी लावली, मशीन बंद पडलं. मग मला वाटलं की दृष्टच लागली. विहीणबाई, तुम्ही हसाल, पण मी अद्रास्पानची वाळकी काडी पेटवून मशीनभोवती धुरी फिरवली. लुदमिला धावत आली, “आता जळतंय का?” म्हणून. मी म्हटलं, दृष्ट काढतेय. ती म्हणाली, मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय, दृष्ट पाण्याला लागत नाही, घर कललंय. पण धुरी माझ्या हातातून घेऊन तिनं मागच्या कोपऱ्यातही फिरवली.

इकडे दर शनिवारी मेरुएर्त यायची. तिच्यासमोर मी एखादी बशी लावून मशीन सुरू करायची आणि ते शहाण्यासारखं चालायचं. ती सायातला सांगायची, चाललंय. तुमच्या मुलीच्या तोंडून मी खोटं वदवते आहे असं मला सारखं वाटायचं. रात्री पलंगाच्या ज्या बाजूला ते झोपायचे तिकडे पाठ करून मी विचार करायची की एवढं साधं मशीन, ते असते तर एका सकाळीत त्यांनी शोधलं असतं. आमची खाणीची लायब्ररी बंद झाली तेव्हा मी दोन पोती पुस्तकं घरी आणली होती, जे हाताला लागलं ते, मधमाश्या, विम्याचा कायदा, पाणबुड्यांची बांधणी. शाळेत मी चार यत्ताच शिकले, बाकीचं त्या पोत्यांतून. पाणबुड्यांचं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. त्यातून इतकंच कळलं की पाणी आत आलं तर वाईट.

तिसऱ्या खेपेला येरमेकनं सामानाची पेटी उघडलीच नाही. जमिनीवर मांडी घालून म्हणाला, “आपा, मी असताना हे चालतं. मी गेलो की बंद पडतं. यात माझा काय दोष?”

मी म्हटलं, “तुमच्यावर जीव जडला असेल त्याचा.”

तो हसला नाही. तो चहा पिऊन गेला. मांस मी त्या दिवशी केलं नव्हतं, मनगट दुखत होतं. त्याचं वाडगं मशीनमध्ये लावलं, आणि ते सुरळीत चाललं. मी तिथेच स्टुलावर बसले. तो होता, तो गेला, मशीन चाललं. म्हणजे दृष्ट नाही, रबर नाही, येरमेकही नाही. पहिल्या तिन्ही वेळी होतं आणि आज नव्हतं असं काय होतं. मांस तर मी मशीनमध्ये घालत नव्हते. तबक घालत होते.

गेल्या शनिवारी सकाळीच मी लुदमिलाला हाक मारली. मोठं तबक मशीनमध्ये लावलं, ते फक्त पुढे दाराशीच मावतं, दाराला पाठ टेकून. मशीनच्या खालची फळी काढली, जमिनीवर आडवी झाले, गाल फरशीला लावला, आणि लुदमिलानं विजेरी धरली. मशीन सुरू झालं. आत पाण्याचा फवारा फिरत होता, एकेका फेरीला दारावर थाप पडल्यासारखा आवाज येत होता.

“दिसतंय का काही?” लुदमिला.

“तुझा हात हलतोय.”

“हात हलत नाही, घर हलतंय.”

तेवढ्यात दार उघडलं. मेरुएर्तजवळ किल्ली आहे. तिनं मला जमिनीवर पडलेलं पाहिलं, लुदमिलाला माझ्यावर वाकलेलं पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला. तिनं फोन काढला. मी ओरडले, “सायातला लावू नकोस.”

“आई, तुम्ही पडलात.”

“पडले नाही. बघतेय.”

“काय बघताय?”

“थेंब.”

मग मला तिला सगळं सांगावं लागलं, झोपूनच, कारण उठले असते तर थेंब चुकला असता. बंद पडलेल्या खेपा, गुपचूप बोलावलेला येरमेक, लुदमिलाचा करार. ती पोटावर हात ठेवून, भिंतीला टेकून हळूच माझ्या डोक्याशी जमिनीवर बसली. (सासू खाली असताना सुनेनं वर उभं राहू नये, हे तिला कुणी शिकवलं असेल तर ते तुम्हीच.) आणि मग डाव्या कोपऱ्यात, दाराच्या खालच्या कडेवर, एक थेंब फुगला, लोंबकळला आणि परातीत पडला. मग दुसरा. फवारा तबकाच्या खोलगट पोटावर आपटून सरळ दाराच्या फटीत जात होता. मशीन कण्हायला लागलं. लुदमिला म्हणाली, “घर सरळ आहे,” आणि हे तिला फारसं आवडलं नाही असं वाटलं.

परात पुसून, तबक काढून मशीन पुन्हा लावलं. एकही थेंब नाही. मी आनंदानं उठून बसणार, तोच मेरुएर्त हळूच म्हणाली, “आई, बाबा तबक मशीनमध्ये घालायचेच नाहीत.”

“मग कुठे घालायचे?”

“हातानं धुवायचे. पाहुणे गेले की खिडकीचा पडदा ओढून. मी एकदा अचानक आत आले तर मला म्हणाले, तुझ्या सासूला सांगू नकोस, म्हणेल बाप्या माणूस भांडी घासतो. मशीनच धुतं असं तिला वाटू दे, म्हणाले.”

विहीणबाई, ते गेल्यापासून मी रडले, पण रागावले नव्हते. त्या दिवशी जमिनीवर बसून रागावले. इतकी वर्षं मी पाहुण्यांना सांगत आले की आमचं मशीन तबकंसुद्धा काचेसारखी करतं. आणि ते शेजारी बसून मान डोलवायचे.

मेरुएर्तनंच मला हाताला धरून उठवलं, चहा केला, आणि मग जे मी मनात येऊ देत नव्हते ते बोलून दाखवलं. “आई, वर्षाच्या जेवणाला सगळं तबकांतच वाढायचं ना?” हो. मशीन ठीक आहे आणि त्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही. पेले आणि वाडगी ते धुवेल. तबकं कुणी तरी हातानंच धुवायची आहेत, माझ्या मुठीत तबक राहत नाही आणि तुमच्या मुलीला उभं राहायचं नाही. ती म्हणाली, “मी यांना मशीन दुरुस्त झालं एवढं सांगते. पुढचं त्यांनी विचारलं तर मला खोटं सांगता येणार नाही.” मी म्हटलं, सांगूही नकोस.

तर अशी मशीनची हकिकत. आता ते उत्तम चालतं आहे. तुमच्या घरच्या सगळ्यांना, नाव न घेतलेल्यांनाही, माझा नमस्कार. मांजराच्या दाताचं काय झालं ते कळवा.

तुमची विहीण,
झाउरेश

ता. क. : सायातला तुम्ही एक फोन करावा अशी विनंती आहे, सोमवारच्या आत. मी सांगितलं असं सांगू नका. म्हणा की गुडघ्यांमुळे हॉलच्या पायऱ्या तुम्हाला चढवत नाहीत, वर्षाच्या जेवणाला याल तर व्याह्यांच्या घरीच याल. (हॉल तळमजल्यावर आहे, पण सासूबाईंना पायऱ्या किती हे विचारायची त्याची हिंमत नाही.)

ता. क. दुसरा : हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा वरची विनंती हीच खरी विनंती असं मी स्वतःला सांगत होते. तसं नाही. तो घरी हो म्हणाला तर पुन्हा विचारील, धुणार कोण. तेव्हा आदल्या दिवशीच या. जेवणाला तुम्ही मानाच्या जागीच बसाल, मानाचा तुकडा तुमच्याच पुढे येईल, आणि पाहुणे गेले की तुम्ही माझ्याबरोबर बाथरूममध्ये येऊन तबकं धुवाल का. विहिणीला असं कुणी विचारत नाही हे मला समजतं. माझ्या जावांना कळलं तर त्या मरेपर्यंत बोलतील. लुदमिला दाराशी स्टूल टाकून बसणार आहे, ती कुणाला आत सोडणार नाही. तुम्ही घासा, मी पुसते, पुसायला माझी मूठ पुरते. त्यांच्या नावाचं शेवटचं ताट कुणा परक्यानं खरवडून बादलीत टाकू नये, एवढंच माझं म्हणणं.

ता. क. तिसरा : नाही म्हणायचं असेल तरी चालेल, मग फोन करू नका, मी समजेन आणि हॉलमध्ये जिथे बसवतील तिथे बसेन. हो असेल तर रबरी हातमोजे तुमच्या मापाचे घेऊन या. परवा सिंकखाली, पाइपाच्या मागे, एक जोडी सापडली, पण ती पुरुषी मापाची आहे, आणि ती मला द्यायची नाही.